पहिल्या घासाची शेती

जिताड्याचं अंडं साधारण पाऊण मिलिमीटरचं असतं. खाऱ्या पाण्यात, अठ्ठावीस अंशांच्या आसपासच्या तापमानाला, ते सोळा-अठरा तासांत फुटतं. बाहेर येतो तो दीड मिलिमीटरचा पारदर्शक जीव. त्याला तोंड नसतं, डोळ्यांत रंग नसतो, पोटाला बलकाची पिशवी तेवढी असते. पहिले दोन-अडीच दिवस तो त्या बलकावर काढतो. तिसऱ्या दिवशी तोंड उघडतं, डोळे काळे होतात आणि तिथून पुढच्या काही तासांत त्याचं जगणं-मरणं ठरतं. समोर हलणारं, जिवंत आणि तोंडात मावेल एवढं काहीतरी आलं, तर तो तरतो. नाही आलं, तर बलक संपल्यावर दिवसभरातच एवढा अशक्त होतो की नंतर कितीही अन्न ओतलं तरी ते पकडण्याचं बळ त्याच्यात उरत नाही.

अलिबाग-पेणच्या खारेपाटात जिताड्याचं नाव काढलं की लोकांचे डोळे लकाकतात. पावसाळ्यात खाडीतून पकडलेली पिल्लं गावतळ्यात, शेततळ्यात सोडायची आणि वर्ष-दोन वर्षांनी सणासुदीला, पाहुण्यांसाठी काढायची, ही तिथली जुनी रीत. हल्ली खाडीत पिल्लं पूर्वीसारखी मिळत नाहीत, अशी तक्रार खारेपाटात सगळीकडे ऐकू येते. मग पिल्लं हॅचरीतून आणावी लागतात. आपल्या देशात जिताड्याचं बंदिस्त प्रजनन पहिल्यांदा यशस्वी झालं ते १९९७ मध्ये, चेन्नईजवळच्या मुट्टुकाडूला, केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संशोधन संस्थेच्या केंद्रात. अंडी मिळवणं अवघड होतंच. पण एका मादीकडून अंडी मिळतात ती लाखांनी. त्या लाखांच्या तोंडी तिसऱ्या दिवशी सकाळी काय घालायचं, हा प्रश्न प्रजननाइतकाच मोठा होता. सागरी माशांच्या आणि शिंपल्या-खेकड्यांच्या कुठल्याही हॅचरीत निम्म्याहून अधिक मेहनत या प्रश्नावर खर्च होते. या लेखाचा विषय तीच मेहनत आहे.

भुकटी का चालत नाही, असं कुणीही विचारील. त्याची कारणं साधी आहेत. या वयाच्या पिल्लाला जठर तयार झालेलं नसतं, आतडं म्हणजे नुसती सरळ नळी. कोरडं खाद्य पचवायला लागणारे पाचकरस पुरेसे नसतात. शिवाय त्याला हलतं तेच दिसतं आणि हलतं त्यावरच ते झडप घालतं. भुकटी तळाशी बसते, कुजते आणि त्या कुजण्यातून वाढणारे व्हिब्रिओ जिवाणू टाकीच्या टाकी संपवतात. जिवंत खाद्य मात्र खाल्लं जाईपर्यंत पोहत राहतं, पाणी नासवत नाही. गेली कित्येक दशकं जगभरच्या प्रयोगशाळा सूक्ष्म कृत्रिम खाद्य तयार करण्याच्या मागे आहेत. कोळंबीत त्यांना बरंच यश आलं. जिताडा, कोबिया अशा माशांच्या पहिल्या आठवड्यात मात्र अजूनही जिवंत खाद्याला पर्याय नाही.

हे सगळं जिथे रोज चालतं, अशा जागांपैकी एक कावेरीच्या मुखाजवळ आहे. तमिळनाडूतल्या शीरकाळीला राजीव गांधी मत्स्यपालन केंद्राचं मुख्यालय आहे. सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाची ही संस्था. तिथून समुद्राकडे गेलं की तोडुवाय गाव लागतं. तिथे जिताड्याची आणि खाडीतल्या मोठ्या खेकड्याची हॅचरी आहे. सिंधुदुर्गात गेल्या दशकात कांदळवनाच्या कडेने खेकडापालन सुरू झालं, तेव्हा बचत गटांनी तळ्यांत सोडलेली खेकड्याची पिल्लं याच केंद्राकडून आली होती. सिंधुदुर्गातल्या कुर्लीचा पहिला घास कावेरीच्या तोंडाशी शिजला होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

तिकडे जाताना मी कुंभकोणमहून आधी दुसऱ्या दिशेला, नाचियार्कोविलला गेलो. तिरुवारूरच्या रस्त्यावर दहा-एक किलोमीटरवरचं हे गाव. मंदिरातला दगडी गरुड आणि पितळेच्या उंच समया यांसाठी ते प्रसिद्ध. इथले कम्माळर कारागीर नदीकाठच्या बारीक गाळाचे साचे करतात. त्या गाळाला ते वंडल म्हणतात. बैठक, खांब, तबक, वरचा हंस असे भाग वेगवेगळे ओतायचे, चरकावर घासून तुळतुळीत करायचे आणि आटे पाडून एकमेकांत बसवायचे. गावाच्या आजूबाजूला भातशेती, कालवे आणि देवळांची तळी.

समया घडवणाऱ्या या गावापासून हॅचरीपर्यंत जाताना एक गोष्ट माझ्या मनात घोळत राहिली. हॅचरीत पितळ चालत नाही. एक तोटी नाही, एक झडप नाही, पंपाच्या आतला एखादा पितळी भागसुद्धा नाही. समुद्राच्या पाण्याने पितळातलं तांबं सुटतं, आणि काही जातींच्या शिंपल्यांच्या भ्रूणांना एक अब्ज भाग पाण्यात तांब्याचे दहा-वीस भागही घातक ठरतात. शेवाळाचाही तांबं हा शत्रू. तलावातलं शेवाळ मारायला मोरचूद वापरतात ते यामुळेच. जस्ताचा मुलामा दिलेले पाइपही वर्ज्य. हॅचरीत जिकडे पाहावं तिकडे पीव्हीसी, फायबरग्लास आणि काच. नवी हॅचरी सुरू करणाऱ्याने लाखो रुपयांच्या टाक्या घेतल्या आणि प्लंबरने सवयीने एका जागी पितळी कॉक बसवला, तर पिल्लं का मरतात याचा शोध महिनोन् महिने लागत नाही.

नाचियार्कोविलच्या परिसरातलं पाणी गोडं, आणि गोड्या पाण्यातल्या मत्स्यबीजाची पद्धत वेगळी. रोहू-कटल्याचं तीन-चार दिवसांचं जिरं संगोपन तळ्यात सोडायच्या आधी तळं तयार करतात. चुना, शेण, भुईमुगाची पेंड घालायची, पाण्याला रंग येऊ द्यायचा. मग प्लवंगाच्या बारीक जाळीतून पन्नास लिटर पाणी गाळायचं आणि तळच्या नळीत किती गाळ बसतो ते बघायचं. एक ते दीड मिलिलिटर प्लवंग आलं तर तळं तयार. त्या नळीत खालीवर उड्या मारणारे ठिपके असतात ते मोइना आणि डॅफ्निया. आपल्याकडे त्यांना कुणी पाण्यातले किडे म्हणून हिणवतं, पण विदर्भातल्या तलावांपासून कावेरीच्या खोऱ्यापर्यंत कार्प माशांची सगळी बाल्यावस्था या किड्यांवर निघते. शोभेच्या माशांची पैदास करणारेही मोइनावर विसंबून असतात. गोड्या पाण्यात निसर्ग बरंचसं काम स्वतः करतो. समुद्री पिल्लांसाठी मात्र ती सगळी साखळी माणसाला बंद खोलीत उभी करावी लागते.

साखळीची पहिली कडी शेवाळ. एकपेशीय, डोळ्यांना न दिसणारं. कोळंबीच्या झोइया या कोवळ्या अवस्थेला कीटोसेरॉस किंवा थॅलॅसिओसिरा हे डायटम लागतात, शिंपल्यांच्या पिल्लांना आयसोक्रायसिस, रोटिफरला नॅनोक्लोरॉप्सिस. शेवाळाची खोली वातानुकूलित असते, चोवीस तास ट्यूबलाइट चालू. एका कपाटात परीक्षानळ्या, त्यांत मूळ शुद्ध कल्चर. घरात विरजण जपतात तसं हे जपावं लागतं. नळीतून काचेच्या चंबूत, चंबूतून वीस लिटरच्या कारबॉयमध्ये, तिथून उंच पारदर्शक पिशव्यांत आणि शेवटी टनाच्या टाक्यांत. प्रत्येक पायरीला पाणी गाळायचं, क्लोरीन मारायचं, सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन काढायचं, मग नायट्रेट, फॉस्फेट, जीवनसत्त्वं आणि डायटम असतील तर सिलिकेट घालायचं. चांगलं वाढलेलं आयसोक्रायसिसचं पाणी सोनेरी तपकिरी दिसतं. तेच एखाद्या सकाळी फिकट होऊन तळाशी गाळ धरू लागलं, तर समजायचं की त्यात परका प्रोटोझोआ शिरला, आणि टाकी रिकामी करायची.

भारतात या कामाचा पहिला मोठा धडा मोत्यांनी दिला. तूतीकोरीनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या के. अलगरस्वामी यांनी १९७३ मध्ये मोती तयार करून दाखवला. तोपर्यंत शिंपले समुद्रातून आणावे लागत. १९८१ मध्ये त्याच ठिकाणी हॅचरीत मोत्याच्या शिंपल्यांची पिल्लं वाढवण्यात यश आलं, त्यामागे आयसोक्रायसिसचं खाद्य होतं. शिंपल्याची पिल्लं पाण्यात तरंगत शेवाळ गाळून खातात आणि मग कुठेतरी चिकटून बसतात. कालवांचं, शिनाण्यांचंही तसंच. रत्नागिरीच्या खडकांवरून शिनाण्यांची बारकी पिल्लं खरवडून काढायची आणि दोरीला बांधून वाढवायची, ही आपली पद्धत स्वस्त आहे खरी, पण ती खडकाच्या मर्जीवर चालते.

दुसरी कडी रोटिफर. एका मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढा जीव. डोक्यावर केसांचं कडं, ते सतत फिरत असल्यासारखं दिसतं आणि त्या प्रवाहाने शेवाळ तोंडात येतं. जपानमध्ये ईल माशांच्या तळ्यांत हाच रोटिफर अचानक बेसुमार वाढायचा, पाण्याचा रंग बदलायचा आणि ईल गुदमरायचे. तळेवाले त्याच्या नावाने बोटं मोडत. १९६०च्या सुमाराला ताकाशी इतो यांनी तोच रोटिफर माशांच्या पिल्लांना खायला घालून पाहिला आणि समुद्री माशांच्या हॅचरीचं दार उघडलं. अनुकूल परिस्थितीत रोटिफरच्या माद्या नराशिवाय अंडी देतात. जन्मल्यापासून दिवसभरात मादी वयात येते, तीन-चार दिवसांच्या आयुष्यात दर काही तासांनी एक अंडं घालते. त्यामुळे टाकीतली संख्या दिवसाला दुप्पट होऊ शकते.

पण हे अर्धंच खरं. रोटिफरची टाकी सांभाळणाऱ्याला सकाळी सकाळी एक मिलिलिटर पाणी काढून, आयोडीनचा थेंब टाकून, सूक्ष्मदर्शकाखाली डोकी मोजावी लागतात. किती जीव आहेत यापेक्षा कितींच्या बुडाशी अंडी आहेत याकडे त्याचं जास्त लक्ष असतं. अंडी धरलेल्या माद्या कमी झाल्या की दोन दिवसांत टाकी कोसळणार हे त्याला आधीच कळतं. म्हणून तो कधीही एकाच टाकीवर विसंबत नाही. वेगवेगळ्या वयाच्या टाक्या, आणि शक्य तर वेगळ्या इमारतीत एक राखीव कल्चर. बाहेरून कामगार म्हणवल्या जाणाऱ्या या माणसाच्या नजरेवर, त्याच्या हातांच्या स्वच्छतेवर, रात्री तीनला वीज गेल्यावर जनरेटर किती मिनिटांत चालू होतो यावर हॅचरीचा सगळा हंगाम तोललेला असतो. या कामाला आपल्याकडे ना हुद्दा आहे ना पुरेसा पगार, आणि मला ही गोष्ट फार खटकते.

रोटिफर नुसता पोट भरणारा असून भागत नाही. बेकरीच्या यीस्टवर वाढवलेला रोटिफर स्वस्त पडतो, पण तो खाऊन समुद्री माशांची पिल्लं मरतात किंवा वेडीवाकडी होतात, हे पुढे जपानी संशोधकांच्या लक्षात आलं. कारण ओमेगा-३ मेदाम्लांचा अभाव. ही मेदाम्लं पिल्लाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागतात, आणि समुद्री मासा ती स्वतः पुरेशी बनवू शकत नाही. म्हणून पिल्लांना देण्याआधी काही तास रोटिफरला समृद्ध शेवाळ किंवा तेलाचं पायस खाऊ घालतात. खाणाऱ्याला पोसण्याआधी त्याच्या घासाला पोसायचं.

खेकड्याचं गणित याहून कठीण. अंडी धरलेल्या मादीच्या पोटाखाली लाखो अंडी असतात. बाहेर पडलेली पिल्लं पाच झोइया अवस्थांतून जातात, मग मेगालोपा, मग कुठे खेकड्याच्या आकाराचं पिल्लू. सगळं मिळून तीन-चार आठवडे. पहिल्या दोन अवस्थांत रोटिफर, तिसरीपासून आर्टेमिया; त्याची गोष्ट पुढे येतेच. प्रत्येक कात टाकण्याच्या वेळी काही टक्के गळतात, आणि मेगालोपाला नांग्या आल्या की ती एकमेकांना खातात. सुरुवातीच्या लाखभर पिल्लांतली काही हजारच शेवटी हाती लागतात. तोडुवायची हॅचरी २००४ मध्ये उभी राहिली. हे प्रमाण थोडं वाढवण्याच्या तिथल्या तंत्राला पुढे भारतीय पेटंटही मिळालं. एक-दोन टक्क्यांची वाढ ऐकायला किरकोळ वाटते, पण मूळ आकडाच एक अंकी असेल तेव्हा तेवढ्याने शेतकऱ्याला मिळणारं बी दीडपट-दुप्पट होतं.

तिसरी कडी आर्टेमिया, आणि इथे गोष्ट एकदम मुंबईत येते. आर्टेमिया हा मिठागरातला जीव. पाणी इतकं खारट की मासे टिकत नाहीत, किडे टिकत नाहीत, अशा ठिकाणी तो मजेत राहतो, कारण तिथे त्याला खाणारं कुणी नसतं. परिस्थिती बिघडली की मादी पिल्लांऐवजी कवचाची अंडी सोडते. ती तपकिरी, वाळूच्या कणाएवढी. एका ग्रॅममध्ये दोन-तीन लाख. वाळवून डब्यात बंद केली की वर्षानुवर्षं टिकतात. हवी तेव्हा खाऱ्या पाण्यात टाकायची, खालून हवा सोडायची, वर दिवा लावायचा. चोवीस तासांत अर्ध्या मिलिमीटरहून लहान, नारिंगी पिल्लं बाहेर येतात. मग हवा बंद करायची. रिकामी टरफलं वर तरंगतात, पिल्लं खाली उतरतात आणि टाकीच्या निमुळत्या तळाशी उजेड पाडला की तिकडे गोळा होतात. नळीने ती काढून जाळीवर धुवायची आणि लगेच खायला घालायची. उशीर चालत नाही, कारण सुमारे आठ तासांनी ती कात टाकतात, मोठी होतात, चपळ होतात आणि त्यांच्यातलं पोषण घटतं.

१९३०च्या दशकात अमेरिका आणि नॉर्वेत या पिल्लांचा खाद्य म्हणून उपयोग लक्षात आला. भारतात आर्टेमियाची पहिली नोंद झाली ती वडाळ्याच्या मिठागरांत. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ मध्ये ती प्रसिद्ध केली. हे कुलकर्णी पुढे राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक झाले, आणि निवृत्तीनंतर लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावावर एस. एन. ओगले यांच्यासोबत महसीर माशाच्या कृत्रिम प्रजननाचं त्यांचं काम देशभर नावाजलं गेलं. नोंद आपल्याकडे झाली, माणूस आपला होता, मिठागरं भाईंदरपासून उरणपर्यंत पसरलेली होती. तरी आर्टेमियाची शेती महाराष्ट्रात रुजली नाही. तूतीकोरीनजवळच्या मिठागरांत शीरकाळीच्याच केंद्राने प्रयोग केले, पण देशातल्या हॅचऱ्या आजही बहुतांशी परदेशी डब्यांवर चालतात.

त्या डब्यांचा मोठा वाटा येतो अमेरिकेतल्या युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून. एका सरोवरावर जगभरच्या कोळंबीचं बालपण अवलंबून असणं धोक्याचं आहे, हे १९७०च्या दशकात टंचाई होऊन भाव भडकले तेव्हाच कळलं होतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात पॅट्रिक सॉर्गेलूस यांनी आर्टेमियाचं संदर्भ केंद्र उभारलं ते त्याच काळात. २०२२ मध्ये त्या सरोवराची पातळी नोंदींच्या इतिहासातली सर्वांत खाली गेली. नद्यांचं पाणी शेतीला आणि शहरांना वळवल्याने ते आटत चाललं आहे.

व्हिएतनामने यावर काय केलं ते कोकणातल्या मिठागरवाल्यांनी जरूर पाहावं. मेकाँगच्या खोऱ्यात विन्ह चाऊ आणि बाक लियू भागातले लोक कोरड्या हंगामात मीठ पिकवत. १९८०च्या दशकात कान थो विद्यापीठाने गेंटच्या मदतीने तिथे आर्टेमिया आणला. पावसाळ्यात सगळं धुऊन जातं, त्यामुळे दर वर्षी नव्याने पेरायचं. एका तळ्यात खत घालून हिरवं पाणी करायचं, ते आर्टेमियाच्या खारट तळ्यात सोडायचं आणि वाऱ्याने एका कडेला जमणारी अंडी रोज सकाळी जाळीने गोळा करायची. मिठाच्या कित्येक पट भाव त्या अंड्यांना मिळतो, आणि ती आकाराने लहान असल्यामुळे छोट्या तोंडाच्या पिल्लांना फार सोयीची. आपल्याकडेही मिठाचा हंगाम पावसाळा सरल्यापासून मेपर्यंतच असतो. हवामान, खाडी, मिठागर, सगळं जुळणारं आहे.

एक खबरदारी मात्र हवी. व्हिएतनामने सॅन फ्रान्सिस्कोची जात आणली, तिथे मुळात आर्टेमिया नव्हता. भारतीय मिठागरांत नराशिवाय वाढणारी देशी जात आहे आणि परदेशी जात शिरली की देशी मागे पडते, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. म्हणून आधी आपल्या मिठागरांत आज काय शिल्लक आहे ते तपासायला हवं. तेही लवकर. मुंबईतल्या मिठागरांपैकी सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी घ्यायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. सिंधुदुर्गात शिरोड्याची मिठागरं आहेत, जिथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. उरण-पेणला काही उरली आहेत. अंड्यांचा थर कोरड्या गाळातही जिवंत राहू शकतो. पण भराव पडला, इमारत उभी राहिली की तो कायमचा गेला.

कोकणात हॅचरीची मागणी आता वाढली आहे. राज्याच्या कांदळवन कक्षाने खेकडा, कालवं, शिनाणे, जिताडा, शोभेचे मासे यांच्या पालनाला अनुदान देऊन शेकडो गट उभे केले. प्रत्येक गटाची पहिली अडचण बी. मंत्री आले की हॅचरीची घोषणा होते, टाक्यांची आणि शेडची निविदा निघते. शेवाळाची खोली, राखीव कल्चर, सूक्ष्मदर्शकावर बसणारा माणूस यांचा उल्लेख अंदाजपत्रकात शोधावा लागतो. माझ्या मते क्रम उलटा हवा. रत्नागिरीत १९५८ पासूनचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, शिरगावला १९८१ पासूनचं मत्स्य महाविद्यालय आहे, वर्सोव्याला १९६१ पासूनची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. शेवाळ आणि रोटिफरची शुद्ध कल्चरं वर्षभर जपून, मागेल त्या हॅचरीला आठवड्याच्या आत पोचवणारं एक केंद्र कोकणात हवं. त्याला मोठी इमारत लागत नाही. दोन वातानुकूलित खोल्या, खात्रीची वीज, स्वच्छ समुद्राचं पाणी आणि कंत्राटावर न ठेवलेली चार-पाच माणसं लागतात.

ती माणसं गावातूनच तयार होतील. सिंधुदुर्गातल्या खेकडापालनाच्या गटांत बायका मोठ्या संख्येने आहेत. तळ्याची राखण, खाद्य घालणं, कात टाकलेली कुर्ली वेगळी काढणं हे त्या करतातच. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी धरलेले रोटिफर मोजायला शिकायला महिनाभर पुरतो, आणि शेवाळाचा रंग ओळखायला एक हंगाम. शीरकाळीच्या केंद्रात खेकडा आणि जिताड्याचं प्रशिक्षण मिळतं. तिथे पाठवायच्या पहिल्या तुकडीत तळ्याच्या मालकांआधी या बायकांची नावं असावीत.